शेडमधला जुना स्विच आणि पॅकिंगमधले ५० सेकंद

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा एक कारखाना. रस्त्याच्या बाजूला दुमजली ऑफिस, मागे विणकामाची लांबलचक शेड, तिच्या पलीकडे शिलाई, पॅकिंग आणि गोदाम. पाळ्या तीन: सकाळी ७, दुपारी ३ आणि रात्री ११. चार महिने एकच तक्रार चालू होती. पॅकिंगमध्ये खोक्यांची बारकोड लेबलं छापता छापता मध्येच सगळं गोठायचं. पडद्यावर फिरणारं चक्र, प्रिंटर गप्प आणि टॉवेलचे गठ्ठे टेबलावर तसेच. मिनिटभराने आपोआप सुरू व्हायचं. कधी कधी मात्र ईआरपीतून (कारखान्याचा सगळा हिशेब ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून) बाहेर फेकलं जायचं आणि अर्धवट भरलेलं खोकं पुन्हा पहिल्यापासून मोजावं लागायचं. निर्यातीच्या मालात लेबलावरचे नग आणि आतले नग जुळले नाहीत, तर कंटेनर भरताना अख्खी थप्पी उघडावी लागते. "मिनिटभरच तर थांबतं" म्हणून सोडून देण्यासारखं हे दुखणं नव्हतं.

उपाय बरेच झाले होते. पॅकिंगच्या संगणकांच्या केबल बदलल्या, टेबलाखालचा ८ पोर्टचा साधा स्विच (नेटवर्कच्या केबल एकत्र जोडणारी डबी) बदलला, इंटरनेटचा प्लॅन वाढवला. यातल्या शेवटच्या उपायाचा तर तक्रारीशी काही संबंधच नव्हता, कारण ईआरपीचा सर्व्हर ऑफिसच्या खालच्या मजल्यावर आहे आणि लेबलाचा एकही पॅकेट (माहितीचा तुकडा) कंपाउंडच्या बाहेर जात नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो कारभार. शेवटी नव्या सर्व्हरचं कोटेशन टेबलावर आलं. ते मंजूर करण्याआधी दोन आठवडे मोजमाप करायचं ठरलं. त्यासाठी अडगळीतला एक जुना डेस्कटॉप (४ जीबी मेमरी, १२० जीबीची एसएसडी) आणि एक रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) एवढंच लागलं. बाकी सगळी साधनं ओपन सोर्स.

सर्व्हरवरचा आळ

सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) आणि पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस आहे. आधी त्याचीच झडती घ्यायला हवी होती, कारण पैसे त्याच्यावर खर्च होणार होते. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये एक सेटिंग असतं, ठरावीक वेळेपेक्षा जास्त रेंगाळलेली प्रत्येक क्वेरी (डेटाबेसकडची मागणी) लॉगमध्ये लिहिणारं. ते १००० मिलिसेकंदांवर ठेवलं. सिसस्टॅट पॅकेजमधलं सार हे साधन सीपीयू, मेमरी आणि डिस्क यांची नोंद ठेवतं, पण मूळ मांडणीत ते दर १० मिनिटांनी एकदा नोंदतं. १० मिनिटांच्या सरासरीत ५० सेकंदांचा अडथळा दिसणारच नाही. म्हणून त्याचा टायमर १ मिनिटावर आणला. तीन दिवसांत गोठण्याच्या वेळांना ना डिस्क अडकलेली दिसली, ना एखादी क्वेरी रेंगाळलेली. लॉगमध्ये त्या वेळांना एकच प्रकारची ओळ होती: पॅकिंगच्या संगणकाशी असलेली जोडणी तुटली.

याहून मोठा पुरावा मात्र कुठल्याही साधनाशिवाय समोर होता आणि चार महिने कुणी विचारला नव्हता. अकाउंट्सचे पाच संगणक त्याच सर्व्हरवर, त्याच ईआरपीत काम करतात. त्यांची एकही तक्रार नव्हती. सर्व्हर गोठला असता तर आधी ऑफिस ओरडलं असतं.

नेटवर्कची मांडणी

मॅनेज्ड, म्हणजे आतली मांडणी बदलता येणारे, स्विच तीन. ऑफिसमध्ये २४ पोर्टचा, गिगाबिटचा. त्याच्यावर सर्व्हर, राउटर आणि ऑफिसचे संगणक. पॅकिंगमध्ये १६ पोर्टचा, तोही गिगाबिटचा. त्याच्याखाली शिलाई आणि गोदामाचे साधे स्विच, लेबल प्रिंटर आणि सगळे संगणक. तिसरा विणकामाच्या शेडमध्ये, खूप जुना, १०० मेगाबिटचा. त्याच्यावर हजेरीचं बोटांच्या ठशांचं मशीन आणि काही कॅमेरे.

हे तिन्ही एकमेकांना त्रिकोणात जोडलेले. ऑफिस ते पॅकिंग थेट फायबर. ऑफिस ते शेडही फायबर, कारण अंतर १०० मीटरच्या वर आहे आणि तांब्याच्या केबलची मर्यादा तिथेच संपते. पण या धाग्याच्या दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (फायबर आणि तांब्याची केबल जोडणारी डबी). पॅकिंग ते शेड साधी तांब्याची केबल. तिसरी बाजू टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच होता: एक वायर तुटली तर दुसऱ्या वाटेने काम चालू राहावं. त्रिकोणात पॅकेट गोल गोल फिरू नयेत म्हणून तिन्ही स्विचवर स्पॅनिंग ट्री (वाटांचं झाड आखून जास्तीची वाट बंद ठेवणारी पद्धत) चालू केलेला होता, तोही जुन्या पद्धतीचा, कारण शेडच्या स्विचला नवी पद्धत येतच नाही. एवढं करून काम संपलं असं समजलं गेलं. त्या झाडाचं मूळ कोणता स्विच असेल, हे कुणी ठरवलं नव्हतं.

दोन टोकांवरून मोजणं

एकाच जागेवरून पिंग (पलीकडचं यंत्र उत्तर देतं का, हे पाहणारा छोटा निरोप) करत बसलं तर फक्त त्या जागेची बाजू कळते. म्हणून डेस्कटॉप ऑफिसच्या स्विचला लावला आणि रास्पबेरी पाय पॅकिंगच्या स्विचला. दोघांनी एकमेकांना, सर्व्हरला, राउटरला आणि तिन्ही स्विचना दर सेकंदाला पिंग करायचं.

इथे पिंगचे आलेख काढणाऱ्या स्मोकपिंगचं नाव लगेच सुचतं. त्याचे आलेख वाचायला उत्तम असतात, पण मूळ मांडणीत ते दर ३०० सेकंदांनी २० पिंग पाठवतं आणि उरलेला वेळ गप्प बसतं. ५० सेकंदांचा खंड त्या गप्प वेळेत गेला तर आलेख स्वच्छ दिसतो आणि माणूस फसतो. हा काळ ६० सेकंदांवर आणता येतो. मात्र आधी तयार झालेल्या आरआरडी फाइल्स (मोजलेले आकडे साठवणाऱ्या) काढून टाकाव्या लागतात, नाहीतर स्मोकपिंग जुन्या मापाशी भांडत राहतं. दीर्घकाळच्या नजरेसाठी स्मोकपिंग ठेवलं. नेमका क्षण पकडायला मात्र एफपिंग वापरलं: सतत चालू ठेवणारा छोटा 'एल' पर्याय, प्रत्येक ओळीवर वेळ छापणारा मोठा 'डी' आणि १००० मिलिसेकंदांचा कालावधी. एफपिंग नसेल तर नेहमीच्या पिंगला मोठा 'डी' आणि मोठा 'ओ' द्यावा. मोठा 'ओ' नसेल तर न आलेल्या उत्तराची ओळच छापली जात नाही आणि खंड नजरेतून सुटतो.

घड्याळं जुळलेली नसतील तर हा सगळा खटाटोप वाया जातो. पॅकिंगच्या सुपरवायझरनी एका वहीत वेळा लिहून ठेवल्या होत्या. वही फार कामाची ठरली, पण भिंतीवरचं घड्याळ ४ मिनिटं पुढे होतं. डेस्कटॉपवर घड्याळं जुळवणारं क्रोनी बसवून त्यालाच कारखान्याचा वेळ-सर्व्हर केलं. पाय, सर्व्हर आणि स्विच त्याच्याकडून वेळ घेऊ लागले. तिन्ही स्विचचे लॉगही आरसिसलॉग या लॉग गोळा करणाऱ्या साधनाने त्याच डेस्कटॉपवर आणले. शेडच्या स्विचला घड्याळाची बॅटरीच नाही. दर वेळी चालू झाला की तो आपला लॉग कित्येक वर्षांपूर्वीच्या तारखेने लिहितो. अशा वेळी आरसिसलॉगच्या साच्यात यंत्राने सांगितलेली वेळ न घेता निरोप हाती आल्याची वेळ घ्यावी.

तिसऱ्या दिवशी चित्र उघड झालं. ऑफिसच्या डेस्कटॉपवरून सर्व्हर आणि राउटर एकदाही चुकले नव्हते. पायवरून मात्र दर पाळीबदलाला दोन खंड होते. दुपारचं एक उदाहरण: १४:५६:१२ ते १४:५७:०१, म्हणजे ४९ सेकंद. मग सात मिनिटं सगळं सुरळीत. मग १५:०४:१५ ते १५:०४:४५, म्हणजे ३० सेकंद. सकाळी तसंच, रात्री तसंच. पहिला खंड नेहमी ४८ ते ५० सेकंदांचा, दुसरा नेहमी ३०चा.

नेटवर्कवर काम करणाऱ्याने हे दोन आकडे पाहिले की कान टवकारावेत. सैल केबल, खराब पोर्ट किंवा दमलेला सर्व्हर कधी इतक्या शिस्तीने बिघडत नाहीत. एवढी नेमकी वेळ कुठल्यातरी टायमरचीच असते, आणि ३० व ५० हे जुन्या स्पॅनिंग ट्रीचे टायमर आहेत.

३० आणि ५० कुठून येतात

स्पॅनिंग ट्रीची कल्पना रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना मांडली. पुढे ती ८०२.१डी या मानकात आली. स्विच एकमेकांना दर २ सेकंदांनी बीपीडीयू नावाचे छोटे निरोप पाठवतात. त्यातून एक स्विच मूळ ठरतो, बाकीचे त्याच्याकडे जाणारी सर्वांत स्वस्त वाट धरतात आणि जास्तीची वाट बंद ठेवतात. बंद पोर्ट उघडायचं झालं तर ते आधी १५ सेकंद नुसतं ऐकतं, मग १५ सेकंद मॅक पत्ते (यंत्रांचे हार्डवेअर क्रमांक) शिकतं आणि मगच माल पुढे सोडतं. हे झाले ३०. मुळाकडून निरोप येणं थांबलं, पण वायर जिवंत दिसत असेल, तर स्विच शेवटचा निरोप २० सेकंद खरा मानतो. तेव्हा होतात ५०. शेवटचा निरोप तुटण्याच्या दोन सेकंद आधीपर्यंत केव्हाही आलेला असू शकतो, म्हणून मोजताना ४८ ते ५० मिळतात.

मूळ ठरतं ते प्राधान्याच्या आकड्याने. लहान आकडा जिंकतो. कारखान्यातून येताना बहुतेक स्विचवर हा आकडा ३२७६८ असतो. सगळीकडे तोच असेल तर ज्याचा मॅक पत्ता लहान, तो मूळ. एकाच कंपनीचे स्विच असतील तर लहान पत्ता बहुधा जुन्या स्विचचा असतो. म्हणजे कुणी काही ठरवलं नाही, तर घरातलं सर्वांत जुनं, सर्वांत मंद यंत्र कर्ता होऊन बसतं.

बीपीडीयू पाहणं

लॅपटॉप थेट ऑफिसच्या स्विचच्या रिकाम्या पोर्टला लावला. मध्ये साधा स्विच असला तर काही साधे स्विच बीपीडीयू पुढे पाठवतात, काही गिळून टाकतात. त्यामुळे मध्ये काहीच नको. येणारे-जाणारे पॅकेट दाखवणाऱ्या टीसीपीडम्पला गाळणी म्हणून फक्त 'एसटीपी' हा शब्द दिला, पत्ते दिसावेत म्हणून 'ई' आणि सविस्तर वाचायला दोनदा 'व्ही'. हे निरोप ०१:८०:सी२:००:००:०० या ठरलेल्या पत्त्यावर जातात, त्यामुळे तो पत्ता गाळणीत दिला तरी चालतं. दोन सेकंदांना एक म्हणजे दिवसाला ४३,२०० फ्रेम, जेमतेम सव्वातीन एमबी. महिनाभर पकड चालू ठेवली तरी डिस्कला ओझं होत नाही.

पहिल्याच निरोपात चार गोष्टी वाचता आल्या. मुळाचं प्राधान्य ३२७६८. मुळाचा मॅक पत्ता ना ऑफिसच्या स्विचच्या स्टिकरशी जुळणारा, ना पॅकिंगच्या. मुळापर्यंतचा खर्च १९. जुन्या मोजणीत गिगाबिटचा खर्च ४ आणि १०० मेगाबिटचा १९, म्हणजे वाट १०० मेगाबिटची. आणि टायमर: जास्तीत जास्त वय २०, निरोप २, विलंब १५.

उरला शेडचा स्विच. तो शेडच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर एका पत्र्याच्या पेटीत आहे. दार उघडल्यावर आधी दिसला तो कापूस. टॉवेलच्या मागांवरून उडणारा बारीक तंतू पेटीच्या जाळीतून आत येऊन स्विचच्या पंख्यावर बोटभर जाडीच्या गादीसारखा बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा ओढत नव्हता. तळाशी मीडिया कन्व्हर्टर, त्याचा अडॅप्टर बोर्डाच्या सॉकेटला खोचलेला. बाजूला स्विचची वायर, तीही त्याच सॉकेटच्या पट्टीत. आणि स्टिकरवर तोच मॅक पत्ता, जो ऑफिसमध्ये टीसीपीडम्पने मूळ म्हणून छापला होता.

ती पट्टी शेडच्या दिवे-पंख्यांच्या बोर्डावर होती. पाळी बदलताना माग थांबतात, हवेच्या दाबाने कापूस उडवून साफसफाई होते आणि त्या वेळी छताच्या पंख्यांचा बोर्ड सहा-सात मिनिटं बंद ठेवतात, नाहीतर उडवलेला कापूस पुन्हा सगळीकडे पसरतो. रास्त पद्धत आहे. फक्त त्या बोर्डावर अख्ख्या कारखान्याच्या नेटवर्कचं मूळ लोंबकळत होतं, हे साफसफाई करणाऱ्यांना माहीत असायचं काही कारण नव्हतं.

लिब्रे-एनएमएस या देखरेखीच्या साधनात तिन्ही स्विच घातले आणि शिक्का बसला. शेडच्या स्विचचा चालू असल्याचा काळ रोज तीनदा शून्यावर येत होता. ब्रिज-एमआयबीतला (स्विचकडून वाचता येणाऱ्या आकड्यांच्या ठरलेल्या यादीतला) रचना-बदलांचा मोजक बाकीच्या दोन स्विचवर त्याच वेळी वाढत होता. लिब्रे-एनएमएस लावायला धीर नसेल तर एसएनएमपी (यंत्रांकडून असे आकडे वाचायची पद्धत) वापरणाऱ्या नेट-एसएनएमपीच्या एसएनएमपीवॉकने १.३.६.१.२.१.१७.२ ही शाखा वाचावी: तिच्याखाली ३ म्हणजे शेवटच्या बदलाला किती वेळ झाला, ४ म्हणजे आजवरचे बदल, ५ म्हणजे सध्याचं मूळ. कुठल्याही नव्या जागी गेल्यावर हे तीन आकडे वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि ते आधी वाचावेत असं आमचं ठाम मत आहे.

घडत होतं ते असं

शेडचा स्विच मूळ असल्यामुळे ऑफिस आणि पॅकिंग दोघंही आपली वाट शेडकडे धरून बसले होते. ऑफिस ते पॅकिंग हा सरळ गिगाबिटचा धागा जास्तीचा ठरून बंद होता. पॅकिंगच्या पत्त्याचा आकडा ऑफिसच्या स्विचपेक्षा लहान, म्हणून बंद झालेलं टोक ऑफिसचं. म्हणजे लेबलाचा प्रत्येक पॅकेट पॅकिंगमधून शेडमध्ये, कापसाने गुदमरलेल्या त्या पेटीतून ऑफिसला जात होता. रिकाम्या वेळी दोन्ही टोकांवर वेग मोजणारं आयपर्फ-३ चालवलं तेव्हा सेकंदाला ९४ मेगाबिट मिळाले. १०० मेगाबिटच्या वाटेवर टीसीपीला (पॅकेट पोचल्याची खात्री करणाऱ्या पद्धतीला) मिळतो तो हाच आकडा. गिगाबिटवर तो ९४०च्या आसपास यायला हवा.

बोर्ड बंद झाला की शेडचा स्विच मरे. पॅकिंगकडची तांब्याची केबल लगेच मेलेली दिसे. ऑफिसकडे मात्र यूपीएसवर चालणारा मीडिया कन्व्हर्टर आपलं तांब्याचं पोर्ट जिवंत ठेवी. पलीकडचं टोक मेलं हे तो स्विचला सांगतच नव्हता. म्हणून ऑफिसचा स्विच आधी २० सेकंद जुन्या निरोपावर विसंबून राही, मग बंद टोक ३० सेकंदांत उघडे. बोर्ड चालू झाला की शेडचा स्विच सव्वा मिनिटात उठे, पुन्हा मूळ असल्याचा दावा करी, सरळ धागा तत्काळ बंद पडे आणि शेडची स्वतःची पोर्टं उघडायला आणखी ३० सेकंद जात. सर्व्हर आणि अकाउंट्स दोघंही ऑफिसच्याच स्विचवर, त्यामुळे त्यांना यातलं काही जाणवत नव्हतं.

एक गोष्ट अजून जुळत नव्हती. वहीत "पूर्ण मिनिट", कधी "दीड मिनिट" लिहिलेलं, आणि एफपिंग म्हणे ३० किंवा ४९ सेकंद. दोन्ही खरं होतं. लिनक्सवर टीसीपी हरवलेला पॅकेट पुन्हा पाठवताना दर वेळी दुप्पट थांबतो. लॅनवर पहिली वाट ०.२ सेकंदाची, पुढचे प्रयत्न साधारण ०.६, १.४, ३, ६, १२.६, २५.४, ५१ आणि १०२ व्या सेकंदाला होतात. खंड ३० सेकंदांत संपला तरी २५ व्या सेकंदाचा प्रयत्न फुकट गेलेला असतो आणि पुढचा ५१ व्या सेकंदालाच. नेटवर्क परत आलेलं, पण लेबल अजून २० सेकंद येत नाही. ४९ सेकंदांचा खंड जरा लांबला तर थेट १०२. एसएस हे साधन 'टी' आणि 'आय' पर्यायांनी चालवलं की प्रत्येक जोडणीचा हा वाढता थांबा उघड दिसतो. कामगाराने सांगितलेली वेळ आणि आलेखातली वेळ जुळत नाही म्हणून कामगाराला खोटं ठरवू नये. त्याने मोजली ती त्याच्या कामाची वेळ असते.

दुरुस्ती

काम संक्रांतीच्या सुट्टीत, सोलापूरची गड्डा यात्रा भरलेली असताना आणि माग बंद असताना केलं, कारण स्पॅनिंग ट्रीची पद्धत बदलली की बहुतेक स्विचवर सगळी पोर्टं एकदा पडतात. आधी ऑक्सिडाइज्ड या साधनाने तिन्ही स्विचची मांडणी गिटमध्ये (बदलांचा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) उतरवून ठेवली. पॅकिंगच्या स्विचजवळ लॅपटॉप, कन्सोल केबल (नेटवर्कशिवाय थेट स्विचशी बोलणारी) आणि तिच्यासाठीचं मिनिकॉम घेऊन माणूस बसवला. ऑफिसमधून त्याच धाग्यावरून त्या स्विचला हात घातला असता तर पहिल्याच बदलाला जोडणी तुटली असती.

ऑफिस आणि पॅकिंगचे स्विच आरएसटीपीवर (स्पॅनिंग ट्रीच्या वेगवान पद्धतीवर) आणले. ही पद्धत ८०२.१डब्ल्यू म्हणून २००१ साली आली. तिच्यात शेजारचे दोन स्विच टायमरची वाट न बघता आपसांत बोलून पोर्ट उघडतात, आणि सलग तीन निरोप चुकले, म्हणजे ६ सेकंद झाले, की शेजारी गेला असं धरतात. जुना निरोप ऐकू आला तर फक्त त्या पोर्टपुरती ती जुन्या पद्धतीवर उतरते, म्हणून शेडचा स्विच तसाच राहिला तरी बाकीच्यांना आरएसटीपीवर न्यायला हरकत नव्हती. पोर्ट खरोखर नव्या पद्धतीत आलं का, हे स्विचच्या पोर्ट-स्थितीत किंवा मिरर पोर्टवरून (दुसऱ्या पोर्टची नक्कल देणाऱ्या) टीसीपीडम्पने पाहावं, ८०२.१डब्ल्यू छापलं तर ठीक, ८०२.१डी छापलं तर पोर्ट एकदा बंद करून उघडावं.

मग प्राधान्य. हा आकडा ४०९६ च्या पटीतच देता येतो. ऑफिसला ४०९६ आणि पॅकिंगला ८१९२, याच क्रमाने. पॅकिंगला आधी दिला असता तर मूळ आधी पॅकिंगकडे आणि मग ऑफिसकडे सरकलं असतं, म्हणजे दोनदा उलथापालथ. शेडचा ३२७६८ तसाच ठेवला. आता पॅकिंगची वाट सरळ धाग्याने, खर्च ४. पॅकिंग-शेड केबलचं शेडकडचं टोक बंद, आणि शेड मेली तरी इतरांच्या वाटेत ती येतच नाही. खर्चाची मोजणी सगळ्या नव्या स्विचवर एकाच पद्धतीची ठेवावी. जुन्या मोजणीत गिगाबिट ४, नव्या मोजणीत २०,०००. दोन्ही मिसळल्या की जवळची वाट दूरची ठरू शकते.

संगणक, प्रिंटर आणि हजेरी मशीनच्या पोर्टांना 'एज' केलं, म्हणजे प्रिंटर चालू केल्यावर ३० सेकंद थांबायला नको आणि दर संगणकाच्या चालू-बंदीला रचना-बदलाची दवंडी नको. त्याच पोर्टांवर बीपीडीयू गार्ड. कुणी साध्या स्विचची दोन पोर्टं एकाच केबलने जोडली, तर परत आलेल्या निरोपावरून गार्ड ते पोर्ट बंद करतो. दोन गोष्टी मात्र सांभाळायच्या. स्विच-स्विचमधल्या पोर्टांवर गार्ड चुकूनही लावायचा नाही. पॅकिंगच्या स्विचवर सगळी पोर्टं एकदम निवडून गार्ड लावला गेला आणि ऑफिसचा पहिला निरोप येताच मुख्य धागाच बंद झाला, तो कन्सोलवरून उघडावा लागला. दुसरं, गार्डने बंद केलेलं पोर्ट आपोआप उघडत नाही. रात्रपाळीला आयटीचं कुणी नसतं, म्हणून ३०० सेकंदांनी पुन्हा उघडण्याची सोय लावली. आणि जो साधा स्विच बीपीडीयू गिळतो त्याच्यामागची गाठ गार्डला दिसत नाही, त्यासाठी ब्रॉडकास्टवर (सगळ्यांना जाणाऱ्या पॅकेटांवर) मर्यादाही घातली.

शेडची पेटी पंख्यांच्या बोर्डावरून काढून स्वतंत्र एमसीबीवर आणली, आत छोटा यूपीएस ठेवला, जाळीला धुता येणारा फिल्टर लावला. एप्रिल-मेमध्ये सोलापूरचा पारा चाळिशीच्या वर असतो. कापसाने बुजलेली पेटी त्या दिवसांत स्विचला भाजून काढते, म्हणून फिल्टर साफ करायचं काम दर शनिवारच्या मागांच्या देखभालीत जोडलं. मीडिया कन्व्हर्टरवर पलीकडचा दुवा तुटला की अलीकडचाही पाडायचा छोटा डिप-स्विच असतो. तो दोन्ही टोकांना चालू केला. एसएनएमपीचा मूळचा 'पब्लिक' हा परवलीचा शब्द बदलला आणि फक्त डेस्कटॉपच्या पत्त्यालाच वाचायची परवानगी ठेवली, कारण शेडच्या स्विचला एसएनएमपीची तिसरी आवृत्ती येत नाही आणि दुसऱ्या आवृत्तीत हा शब्द उघडा जातो.

चाचणी

सुट्टी संपण्याआधी एफपिंग चालू ठेवून शेडच्या स्विचची वीज मुद्दाम तीनदा तोडली. पायवरून सर्व्हरकडे एकही पिंग चुकला नाही, शेड परत आल्यावरही नाही. आयपर्फ-३ ने पॅकिंग ते ऑफिस ९४१ मेगाबिट दाखवले. पुढचे दोन आठवडे पाळीबदलाच्या वेळा स्मोकपिंगवर कोऱ्या राहिल्या. सुपरवायझर वही घेऊन आले तेव्हा शेवटची नोंद संक्रांतीच्या आधीची होती. "आता लिहायला काय नाही बघा, साहेब," म्हणत त्यांनी वही ठेवून दिली. सर्व्हरचं कोटेशन परत गेलं.

चौथी चाचणी होती ऑफिस-पॅकिंग धागा उपटण्याची, आणि तिथे पायवर ४९ सेकंदांचा खंड आला. कारण शेडचा स्विच अजून जुन्या पद्धतीचाच आहे: पॅकिंगकडचं त्याचं बंद टोक आधी २० सेकंद जुन्या निरोपावर बसतं, मग ३० सेकंदांत उघडतं. हा धागा कंपाउंडच्या आत जमिनीखालच्या पाइपात आहे, तो तुटण्याचा प्रसंग क्वचितच येईल, म्हणून तूर्त एवढं चालवून घेतलं. नव्या शेड-स्विचच्या मागणीपत्रात तीन अटी लिहिल्या आहेत: आरएसटीपी हवा, थेट फायबर घेणारं पोर्ट हवं म्हणजे कन्व्हर्टर निघेल, आणि आत पंखा नको. तो बसेल त्या दिवशी धागा पुन्हा उपटायचा आणि खंड मोजायचा, ही नोंद पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला तारखेची जागा मोकळी ठेवून चिकटवली आहे.